तुळजापूरची वाट आणि सत्तावन्नाव्या वर्षीचे गुडघे

मी सोलापुरात फिजिओथेरपीचं छोटं केंद्र चालवते. हे प्रकरण माझ्याकडे जानेवारी २०२४ मध्ये, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपता संपता आलं. बाईंच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नाव कुठेच दिलेलं नाही. मी त्यांना मावशी म्हणते, इथेही तेच म्हणेन.

पार्श्वभूमी

मावशी तेव्हा ५७ वर्षांच्या होत्या. बावीस वर्षं कडक भाकरी करून विकतात. पहाटे चारला उठायचं आणि दहा वाजेपर्यंत दीडशे-दोनशे भाकरी उतरवायच्या. हाताखाली तीन बायका. एक पीठ मळते, एक भाजते, एक मंद आचेवर भाकरी कडक करते. थापायचं काम मात्र मावशी कुणाला देत नाहीत. पाटावर बसल्या की सहा तास तिथेच. त्यांचे खांदे आणि मनगटं माझ्यापेक्षा दणकट आहेत. कमरेखालचं शरीर मात्र तेवढा वेळ जागचं हलत नाही.

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाण्याची रीत इकडच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की वाट सुमारे ४५ किलोमीटरची आहे, त्या दिवसांत रस्ता वाहनांना बंद असतो आणि लाखो माणसं आई भवानीचं नाव घेत चालतात. कडेला चहा, केळी, फराळ वाटणारी मंडळी रात्रभर जागी असतात. मावशींच्या अशा अठरा वाऱ्या झाल्या होत्या, सगळ्या अनवाणी. कोविडच्या काळात खंड पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या पुन्हा निघाल्या आणि तामलवाडीच्या अलीकडेच डावा गुडघा इतका सुजला की पाऊल टाकवेना. रुग्णवाहिकेतून परत यावं लागलं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. दुखण्यापेक्षा ती रुग्णवाहिका त्यांना जास्त लागली होती.

घरी आल्यावर त्यांनी ठरवलं की आपली चालायची सवय गेली, ती परत लावायची. रोज संध्याकाळी जावेबरोबर होम मैदानावर पाऊण तास फेऱ्या. तीन महिने एक दिवसही चुकवला नाही. गुडघा आणखी दुखायला लागला.

अडचण नेमकी कुठे होती

वजन ७४ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. रक्तदाब गोळीवर आटोक्यात. मधुमेह सात वर्षांचा, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी ७.६. एक्स-रेमध्ये गुडघ्याची झीज होती, पण सुरुवातीच्या टप्प्यातली. अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची गरज नाही असं स्पष्ट सांगितलं होतं.

मग मी एक साधी चाचणी घेतली. हात छातीवर घडी घालून, खुर्चीवरून ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहता येईल तितकं राहायचं. साठ ते चौसष्ट वर्षांच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद कमी आहे असं धरतात. मावशी त्याहून लहान, आणि त्यांना सात जमले. आठव्या वेळी हात आपोआप मांडीकडे गेला. डाव्या पायावर त्या चार सेकंद उभ्या राहू शकल्या. पायऱ्या आडव्या होऊन, कठडा धरून उतरत होत्या.

चित्र इथे स्पष्ट झालं. पस्तिशी-चाळिशीनंतर स्नायू दर दशकाला थोडे थोडे घटत जातात. बायकांमध्ये पाळी गेल्यावर घट आणखी जाणवते. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्यावरचा धक्का झेलतो. तो अशक्त झाला की तोच धक्का सांध्यावर जातो. जर्मनीत काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात मोजयंत्र बसवून भार मोजला गेला आहे. साधं चालताना तो शरीराच्या वजनाच्या अडीच पटीहून थोडा जास्त निघाला, पायऱ्या उतरताना साडेतीन पटीच्या आसपास. ७४ किलोच्या माणसाला उतरताना प्रत्येक पायरीला अडीचशे किलोच्या घरात. मावशी तीन महिने रोज हजारो पावलं हा भार अशक्त स्नायूवर टाकत होत्या. चालण्याची सवय त्यांची कधी गेलीच नव्हती. चालणं ज्याच्या जिवावर होतं ती ताकद गेली होती.

हे सांगितल्यावर त्यांनी जे विचारलं ते जवळजवळ प्रत्येक कष्टकरी बाई मला विचारते. ‘अवो मॅडम, पहाटे चारपासून कामच करते की. आणखी कसला व्यायाम?’

प्रश्न रास्त आहे. त्याला घाईनं उत्तर देणं मला पटत नाही, म्हणून त्यांच्याच कामावरून बोलले. बावीस वर्षं तेवढ्याच पिठाची भाकरी तशीच थापली. हातांना ते काम केव्हाच सवयीचं झालं, त्यांना त्यातून नवं काही मिळत नाही. आणि पायांना तर काहीच मिळत नाही. कामानं माणूस थकतो, पण थकणं म्हणजे ताकद वाढणं नव्हे. ताकद वाढायला भार हळूहळू वाढवावा लागतो आणि मध्ये विश्रांतीचा दिवस लागतो. कामात या दोन्ही गोष्टी आपल्या हातात नसतात.

समोरचे पर्याय

घरच्यांचं मत ठरलेलं होतं. मुलगा म्हणाला, ‘आई, आता एस्टीनं जा देवीला, देवी काय रागवणार नाही.’ त्याची काळजी खरी होती. पण वारी सोडली असती तर त्यासोबत चालणं, मग जिना, मग बाजार असं एकेक सुटत गेलं असतं. पन्नाशीनंतर एक गोष्ट सोडली की पुढची सोडायला फार काळ लागत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की या पर्यायाला मी मनापासून विरोध केला.

गोळ्या आणि गुडघ्याचा पट्टा त्या आधीपासून वापरत होत्या. त्यानं दिवस निघत होता, इतकंच.

योगवर्ग सकाळी सहाचा. ती वेळ भाकरीची. घराजवळची जिम चांगली होती, पण तिथे सगळी तरुण मुलं. मावशी म्हणाल्या, ‘लुगडं नेसून मी तिथं काय उचलू?’ कपडे बदलायचा आग्रह मी धरला नाही. ज्या जागी माणसाला संकोच वाटतो तिथे तो दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही.

उरला घरातला ताकदीचा व्यायाम. हा पर्याय दिसायला फिका असतो, म्हणून लोक त्याला गंभीरपणे घेत नाहीत. मी मावशींना १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाबद्दल सांगितलं. वृद्धाश्रमातल्या सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘नव्वद? म्हणजे आमच्या सासूबाईंपेक्षा मोठी माणसं.’

काय केलं, आणि कुठे चुकलं

पहिला निर्णय मावशींना अजिबात आवडला नाही. मी त्यांचं चालणं कमी केलं. पाऊण तास सलग चालण्याऐवजी दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हा वेगळा फायदा. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून उठ-बस, ओटा धरून टाचा उचलणं, पायरीवर चढ-उतार आणि ज्वारीच्या पिठाची पाच किलोची पिशवी कंबरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून उचलणं. शेवटी ओट्याजवळ एका पायावर उभं राहणं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून ईसीजी आणि रक्तदाब बघून घेतला.

तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला. ही चूक माझी होती. पायरीवर चढ-उतार सांगताना मी घराची पायरी गृहीत धरली, मोजली नाही. जुन्या घराची पायरी नऊ इंचांची निघाली. सात उठ-बस जमणाऱ्या बाईला ती फार उंच. त्यांच्या घरी गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि भाकरी थापायला बसतात तो पाट दिसला. तीन इंच उंच, रुंद, भक्कम. तो भिंतीला लावून त्यावर चढ-उतार सुरू केली. आठ आठवड्यांनी पाटावरून जिन्याच्या बुटक्या पायरीवर आणि जूनमध्ये घराच्या पायरीवर आलो.

दुखण्याचा नियमही तेव्हाच नीट ठरवला. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी गुडघा आदल्या सकाळसारखाच हवा. तसा नसेल तर भार कमी करायचा. दहापैकी किती दुखतं हे आकडे मावशींना जमेनात. त्यांनीच भाषांतर केलं: चार आणे दुखलं तर करायचं, आठ आणे दुखलं तर थांबायचं. तेव्हापासून मी इतर पेशंटनाही आण्यांतच विचारते.

एप्रिल-मे हा सोलापुरात व्यायाम मोडण्याचा हंगाम असतो. पारा ४२-४३ अंशांवर आणि रात्री आठलाही भिंती तापलेल्या. बाहेरचं चालणं बंद केलं आणि भाकरीचं काम सुरू होण्याआधी, पहाटे पावणेचारला, वीस मिनिटांत उठ-बस उरकायची असं ठरलं. याच महिन्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर झाला. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मावशी खालून वर घागरी नेतात, पिंप भरतात. एकदा वहीत नोंदी बघताना दिसलं की गुडघा नेमका पाण्याच्या दुसऱ्या दिवशी दुखतो. त्या दिवशी त्या घागरीही चढवत होत्या आणि माझा व्यायामही करत होत्या. मग पाण्याचा दिवस हाच ताकदीचा दिवस धरला, वेगळा व्यायाम नाही. घागर कडेवर न घेता दोन हातांत दोन लहान कळशा धरून न्यायला शिकवलं, म्हणजे भार दोन्ही बाजूंना सारखा.

खाण्याबद्दल फार बोलले नाही. भाकरी, चटणी आणि वरणाचं पाणी हे त्यांचं जेवण होतं. त्यात घट्ट वरण, मटकी किंवा चवळीची उसळ, ताक आणि वार सोडून अंडं आलं. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात, एवढं त्यांना पुरलं.

अनवाणी चालण्याचा प्रश्न

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय व्यायामाबद्दल नव्हताच.

ऑगस्टमध्ये लांब चालणं सुरू करण्याआधी मी त्यांच्या तळव्यांची तपासणी केली. नायलॉनचा एक बारीक धागा पायाला दहा ठिकाणी टेकवतात आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारतात, स्पर्श कळला का. डाव्या तळव्यावर दोन ठिकाणी मावशींना कळलं नाही. मधुमेहात पायाच्या नसांची संवेदना अशी हळूहळू जाते. अशा पायानं डांबरावर रात्रभर अनवाणी चालायचं म्हणजे खडा रुतला, फोड आला, काच लागली तरी कळायचं नाही. आणि मधुमेही पायावरची साधी जखम महिनोन्महिने भरत नाही, कधी बोटावर, कधी पायावर बेतते. पण अठरा वाऱ्या अनवाणी झाल्या होत्या. नवस सासूबाईंच्या काळापासूनचा.

मी डॉक्टरकीच्या सुरात ‘चालणार नाही’ म्हणू शकले असते. मावशींनी मान डोलावली असती आणि रूपाभवानीच्या मंदिरापाशी चपला काढून ठेवल्या असत्या. म्हणून घरी गेले, तेच धागे घेऊन. सासूबाईंच्या समोर पुन्हा तपासणी केली. ८१ वर्षांच्या त्या माऊलीला मधुमेह नाही. तिला दहाही जागा कळल्या. सुनेला दोन कळल्या नाहीत हे तिनं स्वतः पाहिलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘आमच्या वेळी डांबर कुठं होतं? मातीचा रस्ता, पायाला गार लागायचा. आता हायवेच्या गिट्टीवर कशाला चालायचं?’

त्या वाक्यानं गाठ सुटली. वाटेवर बूट, महाद्वारापाशी बूट काढून तिथून पुढे अनवाणी, असं दोघींनी ठरवलं. मी फक्त बूट अर्धा नंबर मोठे घ्यायला, सुती मोजे वापरायला आणि दोन महिने आधीपासून ते पायात मुरवायला सांगितलं. सहावारीखाली बूट घालायची पहिल्या आठवड्यात त्यांना लाज वाटली. नंतर जावेनंही घेतले.

कोजागिरी

दर रविवारी थोडं थोडं अंतर वाढवत सप्टेंबरअखेर त्या एका दमात सोळा किलोमीटरपर्यंत आल्या. खुर्चीवरच्या उठ-बसी १४ झाल्या होत्या. वजन फक्त अडीच किलोंनी उतरलं होतं आणि घरचे त्यावर नाराज होते. नऊ महिन्यांत एवढंच? मला मात्र जिना बघायचा होता. त्या सरळ तोंडानं, कठडा न धरता उतरत होत्या.

ठरवलं ते असं. एका रात्रीत सगळी वाट तोडायची नाही. आदल्या संध्याकाळी निघून तामलवाडीला झोपायचं, पुढे सिंदफळला थांबायचं आणि घाट पहाटेच्या गारव्यात चढायचा. साखर उतरवणाऱ्या गोळीचा त्या दोन दिवसांचा डोस त्यांच्या डॉक्टरांनी कमी करून दिला, कारण लांब चालताना साखर एकदम खाली येऊ शकते. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि ग्लुकोजची पुडी. घाम सुटून हात थरथरले तर आधी खायचं, मग देवीचं नाव घ्यायचं, हे जावेला पाठ करायला लावलं. आणि एक गोष्ट लिहून दिली: आठ आणे दुखलं तर तिथेच थांबायचं, ती वारी पूर्ण झाली असं मी मानेन.

ऑक्टोबर २०२४ च्या कोजागिरीला मावशी पहाटे घाट चढून तुळजापुरात पोहोचल्या. घाटात डावा गुडघा सहा आणे दुखला, त्या तीन वेळा बसल्या. पण मंदिर खोलात आहे, महाद्वारातून पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि दर्शनाची रांग काही तासांची होती. त्यांनी बूट काढले, कळसाला हात जोडले आणि परत फिरल्या. नऊ महिने पायऱ्या उतरण्याचा सराव करून त्या पायऱ्या न उतरता आल्या. मला त्यांचा फोन आला तेव्हा वाईट वाटल्याचं आवाजात नव्हतं. ‘रांगेत उभी राहिले असते तर सुजला असता, मग भाकरी कोण थापणार?’ म्हणाल्या. दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी एस्टीनं गेल्या, सगळ्या पायऱ्या उतरल्या, दर्शन घेऊन चढून आल्या.

नंतर

डिसेंबरमध्ये एचबीए१सी ६.९ आलं. दुखण्याच्या गोळ्या महिन्यातून दोन-तीन वेळा. इथे थांबले असते तर हे प्रकरण फार छान दिसलं असतं. पण दिवाळीनंतर मावशींनी व्यायाम सोडला. लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या, आणि मुख्य म्हणजे वारी झाली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये आल्या तेव्हा उठ-बसी १० वर आल्या होत्या. चार महिन्यांत चार गेल्या.

आज हे प्रकरण पुन्हा आलं तर

पायरी मी पहिल्या दिवशी मोजेन आणि पाण्याचा दिवस पहिल्या दिवशी विचारेन. तळव्यांची तपासणी जानेवारीतच करेन. ऑगस्टपर्यंत थांबले हे चुकलंच, त्या आठ महिन्यांत त्या घरात अनवाणी वावरत होत्या.

सर्वांत जास्त विचार मी ध्येयाचा करते. तुळजापूर नसतं तर मावशी पहाटे पावणेचारला उठ-बस करायला उठल्या नसत्या, हे खरं. पण तारीख असलेलं ध्येय त्या तारखेला संपतं, आणि ‘कोजागिरीनंतर काय’ हा प्रश्न मी सप्टेंबरमध्येच विचारायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करायला सांगतात. पासष्टीनंतर त्यात तोल सांभाळण्याचे व्यायाम जोडतात. त्यात वारी झाली की सुट्टी असं काही नाही. मावशींना चालणं आवडतं, त्यामुळे ते टिकलं. ताकदीचा व्यायाम त्यांच्यासाठी औषध होता, आणि बरं वाटलं की औषध बंद होतं.

ते परत सुरू झालं तेही माझ्यामुळे नाही. हाताखालच्या तिघींपैकी एकीला पाटावरून उठताना हाताचा आधार लागतो हे मावशींच्या लक्षात आलं. त्यांनी तिला खुर्चीवर बसवून ३० सेकंद मोजले. मग दुसरीचे, मग तिसरीचे. आता पीठ मळायला घेण्याआधी चौघी भिंतीला खुर्च्या लावतात, एक दिवसाआड.

मागच्या खेपेला मावशी सगळ्यांना घेऊन आल्या. त्यांच्या १३ झाल्या. सर्वांत धाकटी ३८ वर्षांची, तिच्या ११. मावशींनी तिला पुढच्या आठवड्यापासून पिठाची पिशवी छातीशी धरून उठायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आधी पिशवीशिवाय पंधरा होऊ देत. मावशींनी वहीत तसं लिहून घेतलं.